पदार्थ आणि मिश्रणं प्राथमिकच्या मुलांना कशी शिकवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. नवीन शिक्षक आणि पालक फोनवर, बाजारात, एसटीत भेटले की हेच प्रश्न परत परत विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. तिसरी ते सहावीपर्यंतच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण घरी एखाद्याच मुलाला शिकवायचं असेल तरी चालेल.

पदार्थ म्हणजे काय हे मुलांना कसं सांगायचं? व्याख्या पाठ करून घेतली तरी दुसऱ्या दिवशी विसरतात.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. मराठीत पदार्थ म्हटलं की मुलांच्या डोक्यात खायचंच येतं. मी पहिल्या वर्षी वर्गात विचारलं, "पदार्थांची नावं सांगा," तर पोहे, उप्पीट, कुंदा, मांडे अशी यादी आली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी हा गोंधळच फळ्यावर मांडते, की घरात पदार्थ म्हणजे खायची वस्तू आणि विज्ञानात पदार्थ म्हणजे जे जागा व्यापतं आणि ज्याला वजन असतं ते सगळं. मग कुंदा पदार्थ आहे, त्याची वाटी पदार्थ आहे, वाटी धरणारा हातपण पदार्थच. आणि मग विचारायचं, सावली पदार्थ आहे काय? ट्यूबलाइटचा उजेड? देवळातल्या घंटेचा आवाज? इथं मुलं भांडतात आणि भांडू द्यायचं, कारण सावलीला वजन नाही हे त्यांचं त्यांना सापडलं की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

(व्याख्येत खरा शब्द वस्तुमान आहे, पण चौथीपर्यंत मी वजनच म्हणते, सहावीत फरक सांगते.)

हवा दिसत नाही, मग तीपण पदार्थ आहे हे कसं पटवायचं?

दोन गोष्टी दाखवायच्या, जागा आणि वजन. जागेसाठी ग्लासच्या तळाला कागदाचा बोळा घट्ट बसवा आणि ग्लास उपडा सरळ बादलीत दाबा, तिरका करू नका. वर काढला तर कागद कोरडा. आत हवा होती म्हणून पाणी शिरलं नाही. मग हाच ग्लास पाण्यात जरा तिरका करा, बुडबुडे निघतात ती हवा बाहेर पडली आणि तिच्या जागी पाणी गेलं.

वजनासाठी पुस्तकात काठीला दोन्ही बाजूला फुगे बांधायचा प्रयोग असतो, पण फरक इतका थोडा असतो की काठी नीट दाखवतच नाही, त्यापेक्षा शाळेचा फुटबॉल घ्या. गोल झालेला पण अजून मऊ असा बॉल किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा लिहा, मग पंपानं कडक भरून परत ठेवा. काही ग्रॅम वाढतात. आमच्या शाळेत तर मुलांनी दुकानदारालाच बोलावून खात्री करून घेतली की काटा बरोबर आहे का.

स्थायू, द्रव, वायू सांगून झालं. पण एक मुलगा म्हणतो वाळू पण ओतता येते, मग वाळू द्रव का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्या, त्यानं खरंच विचार केलाय. वाळू, रवा, साखर, पीठ हे भांड्याचा आकार घेतात हे बरोबरच आहे. पण पाटावर वाळू ओता, ढीग होतो. पाणी ओता, पसरतं, ढीग होत नाही. भिंगातून बघितलं तर वाळूच्या प्रत्येक कणाला स्वतःचा आकार आहे आणि तो बदलत नाही, म्हणजे कण स्थायू आणि आपण ओततोय तो हजारो बारक्या स्थायूंचा गठ्ठा.

एकच वस्तू स्थायूची द्रव होते हे दाखवायला बर्फ पाहिजेच असं नाही. आपल्याकडं डिसेंबर जानेवारीच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की पातळ होते. खोबरेल साधारण २४ अंशाच्या आसपास वितळतं, त्यामुळं बेळगावच्या थंडीत हा प्रयोग प्रत्येक घरात आपोआपच होतो, फक्त मुलांचं लक्ष वेधायला पाहिजे.

आमच्या शाळेत मुलं घरी मराठी, गल्लीत कन्नड, काही उर्दू बोलतात. शब्द कुठले वापरायचे?

तिन्ही वापरा. घन (म्हणजे स्थायू), द्रव, मिश्रण हे कन्नडमध्येपण तसेच आहेत, मुलांना हे कळलं की भीती निम्मी कमी होते. वायूला मात्र कन्नडच्या पुस्तकात अनिल म्हणतात, आणि वर्गात एक तरी अनिल असतोच, तो शब्द कोणी विसरत नाही. चाळणीला जरडी, मिठाला उप्पू, वाळूला मरळू हे तर मुलांनाच तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यांना सांगायला लावा. पुढं हायस्कूलला माध्यम बदलणारी मुलं आपल्याकडं खूप आहेत, त्यांना मराठीतलं बाष्पीभवन आणि कन्नडमधलं बाष्पीकरण एकच आहे हे आत्ताच कळलेलं बरं.

आणखी एक, वहीत स्थायू आणि घन दोन्ही चालू द्या. शब्दावरनं मार्क कापायचं हे वय नाही.

मिश्रणं वेगळी करायचा धडा सुरू कुठून करायचा? पद्धतींची यादी आधी द्यायची काय?

नाही. यादी आधी दिली की धडा मेला असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणे, चाळणे, उफणणे, गाळणे, बाष्पीभवन असं फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेल्या मुलांना मी सहावीत बघितलंय, नावं धडाधड म्हणतात आणि साखरेत मुंग्या झाल्या तर काय कराल विचारलं की गप्प बसतात.

एकच प्रश्न धरून चला, या दोघांत फरक काय? तांदूळ आणि खडा, फरक काय? रंग, मग डोळ्यानं निवडता येईल. पीठ आणि कोंडा, फरक काय? आकार, मग चाळणीनं होईल. भात आणि भुसकट? वजन, मग वाऱ्यानं होईल. लोखंडाचा कीस आणि वाळू? एकाला चुंबक ओढतो, दुसऱ्याला नाही. मीठ आणि वाळू? एक विरघळतं, एक नाही. मुलानं फरक शोधला की पद्धत तो स्वतःच सुचवतो, तिचं नाव मग शेवटी सांगायचं. पद्धतीचं नाव हे उत्तराला लावलेलं लेबल आहे, उत्तर नाही.

तांदळापासून सुरू करू काय? घरचंच आहे.

करा की, आपला तालुका भाताचा आहे, याहून चांगलं काय मिळणार. मी एका मुलीच्या आजींना वर्गात बोलावलं होतं, सूप आणि पातेली घेऊन आल्या. आधी पाखडून दाखवलं. सुपाला झटका दिला की सगळं वर उडतं, हलका कोंडा वाऱ्यानं पुढं जाऊन पडतो आणि जड दाणे परत सुपात. मग खळ्यावर वारं कसं देतात ते सांगितलं, उंचावरून धान्य सोडायचं, दाणा सरळ खाली पडतो, भुसकट लांब जातं. वारं नसेल त्या दिवशी आम्ही टेबलफॅन लावून केलं, मुलांनी फॅन एक नंबरवर आणि तीन नंबरवर ठेवून भुसकट किती लांब पडतं ते पट्टीनं मोजलं, आणि तीनवर दाणेपण थोडे उडायला लागले तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, मग वारं पण बेतानंच पाहिजे की ओ?" मी त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं.

मग आजींनी रोळून दाखवलं. हे आता बऱ्याच घरात बंद झालंय कारण तांदूळ साफ केलेला पॅकेटमध्ये येतो, पण विज्ञान म्हणून रोळणं फारच सुंदर आहे. पातेल्यात तांदूळ आणि पाणी घेऊन गोल हलवत हलवत थोडं थोडं पाणी दुसऱ्या पातेल्यात सोडायचं, पाण्याबरोबर तांदूळ सरकत जातो आणि बारीक खडे मागं तळाशी राहतात. रंगानं ओळखू न येणारा पांढरा खडासुद्धा सापडतो! चाळणीनं होत नाही कारण आकार सारखा, डोळ्यानं होत नाही कारण रंग सारखा, वाऱ्यानं होत नाही कारण दोन्ही जडच आहेत, आणि पाण्यात होतं कारण तेवढ्याच आकाराचा दगड तांदळापेक्षा जड असतो. तीन पद्धती का चालल्या नाहीत हे मुलं बोलून दाखवतात तेव्हा धडा खरा समजलेला असतो.

मीठ पाण्यात टाकल्यावर मुलं म्हणतात "मीठ गेलं, संपलं". कसं समजवायचं?

समजवू नका, वजन करा. झाकणाच्या बाटलीत १०० ग्रॅम पाणी घ्या, वेगळं १० ग्रॅम मीठ घ्या, मुलांना आधी अंदाज लिहायला लावा की विरघळल्यावर काटा किती दाखवेल. अर्धी मुलं १०० लिहितात. काटा ११० दाखवतो. (बाटलीचं वजन आधी शून्य करून घ्या, नाहीतर गोंधळ.) दिसत नाही पण गेलेलं नाही, सगळं तिथंच आहे.

मग परत मिळवायचं कसं? ताटलीत पातळ थर ओतून उन्हात ठेवायचं. इथं एक अनुभवाचा सल्ला, हा प्रयोग जून-जुलैत करू नका. मी एकदा शाळा सुरू झाल्या झाल्या केला, आठवडाभर ताटली तशीच, उलट मीठच हवेतलं पाणी ओढून घेतंय, आणि मुलं रोज येऊन बघून नाराज. कणकुंबी, आमगावकडं तर पावसाळ्यात कपडेपण वाळत नाहीत. फेब्रुवारी मार्चमध्ये केला तर एक-दोन दिवसांत मिठाचे चौकोनी खडे दिसतात, भिंग ठेवा जवळ.

हाच धागा पुढं गोव्याच्या मिठागरांपर्यंत न्या, कित्येक मुलांचे पाहुणे गोव्यात असतात, कोणीतरी मिठागर बघितलेलं असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सहाएक छोटे चमचे मीठ. तेवढं वर्गात एक लिटर पाण्यात घालून दाखवलं की समुद्र किती खारट ते जिभेला कळतं.

साखर, मीठ कितीही घातलं तर विरघळतच जाईल काय?

नाही, आणि हे मुलांना मोजायला फार आवडतं. नेहमीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात मीठ साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, त्यापुढचं तळाशी बसतं. साखर मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. मुलांचा विश्वास बसत नाही, करून बघितल्यावर बसतो.

पाणी उकळून मीठ काढताना थर्मामीटर १०० दाखवत नाही. थर्मामीटर खराब आहे काय?

बहुतेक नाही! बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब थोडा कमी असतो म्हणून साधं पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. पुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे. मिठाचं पाणी त्यापेक्षा किंचित जास्त तापमानाला उकळतं, पण थोड्या मिठानं तो फरक फार छोटा असतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण पुस्तकातला आकडा आणि आपल्या गावातला आकडा वेगळा का हे शोधणं हेच विज्ञान आहे, त्यामुळं मुलांना वहीत ९७ लिहू द्या, १०० करून घेऊ नका.

उकळताना वर थंड झाकण तिरकं धरा, थेंब जमतात, ते चाखायला द्या, खारट नाहीत. म्हणजे पाणीसुद्धा परत मिळालं. पांढरी दिसते ती खरी वाफ नसून बारीक थेंब असतात, खरी वाफ किटलीच्या तोंडाशी जी मोकळी जागा दिसते ना, तिथं असते आणि ती दिसत नाही.

गढूळ पाण्याचा प्रयोग कसा करायचा? आणि ते पाणी प्यायचं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही. निवळ दिसणारं पाणी आणि पिण्यासारखं पाणी यात फरक आहे हे मुलांना शंभर वेळा सांगा. गाळल्यानं गाळ जातो, जंतू जात नाहीत, विरघळलेलं मीठही जात नाही.

प्रयोगाला पावसाळ्यातलं मलप्रभेचं लाल पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर बादलीत लाल माती कालवा. (नदीवर मुलांना पाठवू नका, पाणी तुम्ही आणा.) तीन सारख्या बाटल्या भरा. एक तशीच ठेवा, एकीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून काढा, एकीतलं पाणी सुती कापडानं गाळा. कापडानं लाल रंग जात नाही, कारण मातीचे कण कापडाच्या भोकांपेक्षा बारीक आहेत. तशीच ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशीपण लालसर असते. तुरटीची बाटली तासाभरात वरून निवळायला लागते. मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर ढकलत असतात म्हणून खाली बसत नाहीत, तुरटीमुळं ते एकत्र येऊन गोळे होतात आणि जड होऊन तळाला जातात. मोठ्या शहरांच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातपण तुरटीसारखंच रसायन घालून गाळ बसवतात, मग वाळूतून गाळतात, मग क्लोरिन घालतात.

खानापूरजवळ असाल तर कुंभाराकडं घेऊन जा. इथं मातीकामाची केंद्रीय संस्थापण आहे. माती पाण्यात कालवून, चाळून, गाळ बसवून खडे कसे काढतात हे बघितलं की मुलांना कळतं की आपण शाळेत करतोय ते कोणाचं तरी रोजचं काम आहे. एक खडा राहिला तर भट्टीत मडकं तडकतं, म्हणजे तिथं चूक चालत नाही.

सहल म्हणून कुठं न्यावं?

गुऱ्हाळ! निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागात तर हंगामात कुठंही मिळेल. एका ठिकाणी इतक्या पद्धती ओळीनं दुसरीकडं बघायला मिळत नाहीत. घाण्यातून ऊस गेला की चिपाड एकीकडं, रस एकीकडं. रस गाळतात. काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) तापायला लागला की चुना आणि रानभेंडीचा चीक घालतात, मळी फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. मग तासन्तास उकळून पाणी उडवायचं, गुळव्या रस हातावर, पाण्यात टाकून बघून पाक ठरवतो, त्याच्याकडं थर्मामीटर नसतो पण त्या वेळी काहिलीत ११५ अंशाच्या वर तापमान गेलेलं असतं. शेवटी वाफ्यात (पसरट हौदात) ओतून थंड करून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. एक टन उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ, मग बाकीचं गेलं कुठं? हा हिशोब मुलांना करायला लावा, चिपाड, मळी आणि आकाशात गेलेलं पाणी.

पाचवी-सहावीच्या मुलांना एक बारकावा सांगा, गुळाचा रंग आणि वास रस तापून झालेल्या बदलामुळं येतो, म्हणजे तिथं नुसतं वेगळं करणं चालू नाही, थोडं नवीनपण तयार होतंय.

मुलांना काहिलीपासून चांगलं लांब उभं करा, दोरी बांधा. उकळता रस अंगावर उडाला तर चिकटतो, पाण्यापेक्षा जास्त भाजतं. यात अजिबात सूट नको.

दुधातून लोणी निघतं, मग दह्यातून परत दूध का निघत नाही?

लोणी दुधात आधीपासूनच बारीक थेंबांच्या रूपात असतं, रवीनं घुसळलं की ते थेंब एकमेकांना चिकटून वर येतात, ते झालं वेगळं करणं. दही लागतं तेव्हा जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, तो बदल आहे, तिथं मागं फिरता येत नाही. मुलांना हा फरक चौथीत शब्दात नाही सांगता आला तरी चालेल, "काढलं" आणि "झालं" हे दोन शब्द पुरतात. लोणी काढलं. दही झालं.

चुंबकाचा प्रयोग करताना काय लक्षात ठेवायचं?

चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नाहीतर चिकटलेला कीस खरवडत बसाल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वगैरे लेथ चालवणारे कोणी ओळखीचे असतील तर लोखंडाचा कीस मिळतो, पण तो टोचतो म्हणून मुलांच्या हातात बारीक भुकटीच द्या, आणि तीपण बंद डबीत. सगळे धातू चुंबकाला चिकटतात असं जवळजवळ प्रत्येक मुलाला वाटतं. ॲल्युमिनियमचं पातेलं, पितळेचा तांब्या, तांब्याची तार लावून बघू द्या. स्टीलचे काही डबे चिकटतात, काही नाही, तिथं वर्गात चांगलाच गोंधळ होतो.

रंग वेगळे करायचा प्रयोग करायचाय, पण फिल्टर पेपर मिळत नाही.

खडू घ्या. काळ्या स्केचपेननं खडूच्या तळापासून बोटभर वर एक रेघ गोल काढा, ताटलीत अगदी थोडं पाणी घेऊन खडू उभा करा, रेघ पाण्यात बुडता कामा नये. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळसर असे रंग वेगवेगळ्या उंचीवर दिसतात. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं हवं, परमनंट मार्कर चालत नाही.

परीक्षा कशी घ्यायची?

एका वाटीत वाळू, मीठ, लाकडाचा भुसा आणि लोखंडाची भुकटी मिसळून प्रत्येक गटाला द्या. हात लावायच्या आधी क्रम कागदावर लिहून घ्या आणि का ते विचारा. चुंबक आधी फिरवणारे गट सुटतात, आधी पाणी घालणाऱ्यांचं लोखंड ओल्या वाळूत अडकतं आणि मग त्रास होतो. पाणी घातलं की भुसा वर तरंगतो, तो काढा, वाळू गाळा, राहिलं मिठाचं पाणी. एखादा गट वाऱ्यानं भुसा आधी उडवतो, तेपण बरोबर, पूर्ण मार्क द्या. चुकलेल्या गटाला त्याच तासात दुसरी वाटी द्या.

चाखून बघायला द्यायचं की नाही?

स्वयंपाकघरातल्या वस्तू, स्वच्छ भांडं, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच. तुरटी, कीस, खडू, शाई असलेलं काहीही नाही. स्टोव्ह फक्त मोठ्यांनी पेटवायचा.

घरी काय करायला सांगायचं?

एकच काम. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घरात कोण काय काय वेगळं करतंय ते लिहून आणा, आणि प्रत्येकापुढं फरक काय तेपण. चहा गाळणं, पीठ चाळणं, कडीपत्ता ताटातून बाजूला काढणं सगळं येतं. माझ्या वर्गातल्या एका चौथीतल्या मुलीची यादी एकवीस ओळींची होती, आणि त्यातल्या सतरा ओळींपुढं करणाऱ्याचं नाव लिहिलं होतं, आई.